डाळिंबाचे दाणे आणि न विचारलेला प्रश्न : पर्सेफोनीच्या कथेचा २६०० वर्षांचा प्रवास

१/
ग्रीक पुराणकथांवर बेतलेल्या अद्भुतरम्य प्रेमकथा आजच्या तरुण वाचकांत विलक्षण लोकप्रिय आहेत. त्यांतली एक जोडी तर सर्वांची लाडकी : पाताळाचा एकाकी, अबोल राजा हेडीस आणि फुलांत वाढलेली पर्सेफोनी. कादंबऱ्या, वेबकॉमिक, संगीत नाटक, जिकडेतिकडे हीच दोघे.

या जोडीची मूळ कथा मात्र प्रेमकथा नव्हती. ती एका अपहरणाची आणि एका आईच्या संतापाची कथा होती. मग अपहरणाची प्रेमकथा कशी झाली? कोणी केली आणि कशासाठी? हा धागा त्या प्रवासाचा. #धागा #इतिहास

२/
सुरुवात ग्रीसमधून नव्हे, मॉस्कोतून करू.

१७७७ साली क्रिस्टियान फ्रीडरिश माथाई या जर्मन विद्वानाला मॉस्कोत पंधराव्या शतकातील एक ग्रीक हस्तलिखित सापडले. त्यात डिमीटर देवीचे एक दीर्घ स्तोत्र होते. हे स्तोत्र दुसऱ्या कोणत्याही हस्तलिखितात आढळत नाही. हस्तलिखित पुढे हॉलंडमधील लायडनला गेले आणि १७८० मध्ये डाव्हिड रूंकेन या पंडिताने स्तोत्र छापून प्रसिद्ध केले.

म्हणजेच युरोपातील चित्रकार, शिल्पकार आणि कवी यांना तोवर या कथेचे सर्वांत जुने सविस्तर रूप वाचायलाच मिळाले नव्हते. त्यांना ठाऊक होती ती रोमन कवींनी सांगितलेली कथा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामी येईल.

३/
हे स्तोत्र ४९५ ओळींचे असून ते साधारणपणे इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत रचले गेले असावे, असे मानतात. प्राचीन लोक ते होमरच्या नावावर सांगत, म्हणून अशा रचनांना 'होमरी स्तोत्रे' म्हणण्याचा प्रघात आहे. रचनाकार होमर नव्हे, एवढे निश्चित.

आता कथा पाहू. आपल्या ओळखीच्या रूपांशी ताडून पाहत वाचा.

४/
पर्सेफोनी सागरकन्यांसह कुरणात फुले वेचीत होती. गुलाब, केशर, आयरिस, हायसिंथ. तेवढ्यात तिला नर्गिसाचे एक अपूर्व फूल दिसले. ते फूल पृथ्वीनेच उगवले होते, झ्यूसच्या इच्छेनुसार आणि हेडीसच्या सोयीसाठी. ते आमिष होते.

मुलीने दोन्ही हात पुढे केले आणि भूमी दुभंगली. सोन्याच्या रथातून हेडीस वर आला. ती नको म्हणत असता, आक्रोश करीत असता, त्याने तिला रथात घातले. तिने हाक मारली ती पित्याला. पिता म्हणजे झ्यूस. आणि झ्यूसनेच ही मुलगी आपल्या भावाला देऊन टाकली होती. तिला मात्र कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या आईलाही नाही.

५/
आई डिमीटर, धान्याची देवता. लेकीची हाक कानी पडताच ती हातांत मशाली घेऊन नऊ दिवस पृथ्वीवर वणवण हिंडली. अन्न नाही, स्नान नाही. अखेर सर्व काही पाहणाऱ्या सूर्याने, हीलिओसने, तिला खरे काय ते सांगितले.

सांगताना त्याने सांत्वनही केले. हेडीस तुझाच भाऊ, एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, जावई म्हणून अयोग्य नाही, असा त्याचा आशय. आपल्या भाषेत सांगायचे तर, 'स्थळ वाईट नाही.' अडीच हजार वर्षांपूर्वीच्या काव्यातले हे समजावणे आजही अनेक घरांत ऐकू येईल.

६/
डिमीटरला हे सांत्वन मानवले नाही. तिने देवांची सभा सोडली, म्हातारीचे रूप घेतले आणि अथेन्सजवळच्या एल्युसिस गावी विहिरीपाशी येऊन बसली. तेथील राजाच्या मुलाची दाई म्हणून ती राहिली. त्या बाळाला अमर करावे म्हणून रोज रात्री ती त्याला अग्नीत ठेवी. एके रात्री बाळाच्या आईने ते पाहून किंकाळी फोडली आणि तो बेत फसला. मग देवीने आपले खरे रूप प्रकट केले, गावकऱ्यांकडून मंदिर बांधून घेतले आणि त्या मंदिरात ती एकटी बसून राहिली.

७/
आणि मग तिने ते केले जे कोणत्याही देवाला जमले नव्हते : झ्यूसला नमवले.

तिने बी रुजू दिले नाही. बैलांनी नांगर ओढले ते व्यर्थ, पेरलेले जव मातीत वाया गेले. वर्षभर भीषण दुष्काळ पडला. मानवजात नष्ट झाली असती आणि तिच्याबरोबर देवांना मिळणारे हविर्भागही. झ्यूसने दूत पाठवले, देवांना एकेक करून भेटी घेऊन पाठवले. तिचे उत्तर एकच होते : मुलगी डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच धान्य उगवेल.

शस्त्र न उचलता केलेला हा असहकार. या स्तोत्राची खरी नायिका कोण, हे येथे स्पष्ट होते.

८/
अखेर हर्मीस पाताळात गेला. हेडीसने पर्सेफोनीला जाण्याची अनुज्ञा दिली आणि येथे नांदलीस तर तू राणी होशील, तुला मोठे मान मिळतील, असेही सांगितले. ती आनंदाने उडी मारून उठली. मात्र निघण्यापूर्वी त्याने गुपचूप तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातला. पाताळातले अन्न पोटात गेले की तिथले बंधन कायमचे जडते.

परतल्यावर तिने आईला सर्व हकिकत सांगितली, आणि 'मला बळजबरीने खायला लावले' असेच सांगितले. निवाडा झाला : वर्षाचा एक तृतीयांश काळ पाताळात, उरलेला आईपाशी. ती वर येते तेव्हा वसंत फुलतो.

९/
या कथेत प्रेम कोठे आहे? आई आणि मुलगी यांच्यात आहे. हेडीस आणि पर्सेफोनी यांच्यात त्याचा मागमूस नाही.

पण प्राचीन ग्रीक श्रोत्याला यात अनोखे काय वाटले असते? कदाचित फारसे काही नाही. ज्या अथेन्सच्या विवाहपद्धतीची आपल्याला सर्वाधिक माहिती आहे, तेथे विवाह ठरे तो मुलीचा पालक आणि वर यांच्यात. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, वर बहुधा तिशीचा. चुलत्याने पुतणीशी विवाह करणेही तेथे कायद्याला मान्य होते. स्तोत्रातले देव जे करतात, ते माणसेही करीत होती. फरक इतकाच की देवीपाशी दुष्काळ पाडण्याची ताकद होती, माणसाच्या आईपाशी नव्हती.

१०/
याचा एक हृदयस्पर्शी पुरावा १९७२ मध्ये अथेन्सच्या दक्षिणपूर्वेस मेरेंडा येथे उत्खननात सापडला : फ्रासिक्लेया नावाच्या मुलीचा संगमरवरी पुतळा, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यातील. शिल्पकार पारोसचा अरिस्टिऑन. आज तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे.

पुतळ्याखालच्या लेखाचा आशय असा : विवाहाऐवजी देवांनी मला हे नाव दिले, म्हणून मी सदैव कुमारीच म्हटली जाईन. 'कुमारी' यासाठी योजलेला ग्रीक शब्द 'कोरे'. पर्सेफोनीचेही दुसरे नाव हेच. अविवाहित मुलीचा मृत्यू म्हणजे पाताळाच्या राजाशी विवाह, ही कल्पना ग्रीक शोककाव्यात पुन्हापुन्हा भेटते. नवरीची पाठवणी आणि मुलीची अंत्ययात्रा या दोहोंत ग्रीकांना साम्य दिसत होते.

११/
येथे आपल्या भाषेतला एक शब्द तपासू : 'हरण'. सीतेचे हरण झाले आणि रुक्मिणीचेही. शब्द एक, कथा दोन. फरक कशाने पडला? रुक्मिणीने स्वतः पत्र धाडले होते. तिची इच्छा कथेतच नोंदलेली आहे, म्हणून ते हरण मंगल ठरले. आपल्याकडे विवाह जुळावा म्हणून मुली एकनाथांच्या 'रुक्मिणीस्वयंवरा'चे पारायण करीत आल्या, ते उगाच नव्हे.

पर्सेफोनीच्या कथेत असे पत्र नाही. पुढची २६०० वर्षे कवी, कलावंत आणि लेखक ते न लिहिलेले पत्र आपापल्या परीने लिहीत आले. या धाग्याचे सूत्र हेच.

१२/
पण ग्रीक जगातही सर्वत्र एकच पर्सेफोनी नव्हती. दक्षिण इटलीत लोक्री ही ग्रीक वसाहत होती. तेथे पर्सेफोनीच्या मंदिर परिसरात भाजलेल्या मातीच्या असंख्य कोरीव पाट्या सापडल्या. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील या पाट्यांचे उत्खनन पाओलो ओर्सी याने विसाव्या शतकाच्या आरंभी केले.

काही पाट्यांवर अपहरणाचे दृश्य आहे. काहींवर मात्र हेडीस आणि पर्सेफोनी राजा-राणीप्रमाणे शेजारी सिंहासनावर बसली आहेत, हातांत धान्याच्या लोंब्या आणि कोंबडा. येथे ती विवाहाची आणि संसाराची देवता होती. नववधू तिच्या चरणी भेटी वाहत. भयाने सुरू होणारा प्रवास प्रतिष्ठेत संपू शकतो, हा दिलासा त्या मुलींना तिच्या रूपात दिसत असावा.

१३/
आणि होमरच्या महाकाव्यांत तर ती असहाय मुलगी मुळीच नाही. तेथे तिचे विशेषण आहे 'भयंकर'. 'ओडिसी'त मृतांच्या छाया तिच्या आज्ञेने येतात आणि जातात. ट्रॉयच्या युद्धातून वाचलेला ओडिसिअससुद्धा, ती गॉर्गनचे मस्तक पाठवील या धास्तीने, तेथून काढता पाय घेतो.

दक्षिण इटलीत काही थडग्यांतून सोन्याचे पातळ पत्रे मिळाले आहेत. मृत्यूनंतर काय बोलायचे, याच्या सूचना त्यांवर कोरल्या आहेत. त्यांतल्या कित्येकांत मृतात्मा पाताळाच्या राणीची करुणा भाकतो. मरणानंतरचा शेवटचा शब्द तिचा.

म्हणजे आधुनिक कादंबऱ्यांतली 'सामर्थ्यशाली पर्सेफोनी' ही निव्वळ आजची कल्पना नाही. राणी प्राचीन आहे. प्रेमकथा प्राचीन नाही.

१४/
स्त्रियांच्या दृष्टीने या कथेचे आणखी एक मोल होते. डिमीटर आणि कोरे यांच्या नावाने 'थेस्मोफोरिया' हा सण ग्रीक जगात सर्वदूर साजरा होई. त्यात पुरुषांना प्रवेश नसे. अथेन्समध्ये तो शरद ऋतूत, पेरणीच्या सुमारास तीन दिवस चाले. विवाहित स्त्रिया घर सोडून एकत्र राहत. मधला दिवस उपवासाचा, भुईवर बसून काढायचा.

ज्या नगरात स्त्रीला मताधिकार नव्हता, तेथे आईच्या शोकाला आणि संतापाला सार्वजनिक जागा होती ती अशी.

१५/
आणि एल्युसिस? अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवरचे हे गाव प्राचीन जगातील सर्वांत प्रतिष्ठित गूढविधींचे केंद्र बनले. ग्रीक भाषा जाणणाऱ्या आणि हाताला मनुष्यहत्येचे पाप न लागलेल्या कोणालाही दीक्षा मिळे. स्त्रियांना मिळे, गुलामांनाही मिळे. आत काय घडते, ते बाहेर सांगण्यास सक्त मनाई. इ.स.पू. ४१५ मध्ये आल्किबायडीस या बड्या सेनानीवर या विधींची विटंबना केल्याचा आरोप आला आणि त्याला मृत्युदंड टाळण्यासाठी शत्रूच्या, स्पार्टाच्या, आश्रयाला जावे लागले.

गुपित इतके कसोशीने पाळले गेले की गाभ्यातला विधी आजही गुलदस्त्यातच आहे.

१६/
या विधींशी एका भारतीयाचाही संबंध आला. इ.स.पू. २०च्या सुमारास भारतातून एक वकिलात रोमन सम्राट ऑगस्टस याच्या भेटीस गेली होती. तिच्यासोबतच्या एका साधूने एल्युसिसची दीक्षा घेतली आणि नंतर अथेन्समध्ये स्वतःला जिवंतपणी अग्नीच्या स्वाधीन केले, असे इतिहासकार कॅसिअस डिओ सांगतो. स्ट्रॅबो त्याचे नाव झार्मानोखेगास आणि गाव बार्गोसा असे देतो. बार्गोसा म्हणजे भडोच, असे मानले जाते. पुढच्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रंथानुसार पैठण आणि तेर येथील माल गाड्यांवर लादून ज्या बंदरात जाई, तेच हे भडोच.

पाताळातून परतणाऱ्या मुलीच्या कथेने मृत्यूचे भय घालवण्याचे आश्वासन दिले होते. ते आश्वासन किती दूरवरच्या माणसाला खुणावत होते, पाहा.

१७/
आता कथेचे वळण. रोमन कवी ओव्हिड, 'मेटामॉर्फोसिस', इ.स. ८च्या सुमारास.

ओव्हिडने एक नवे पात्र मध्ये आणले : मदन. प्रेमदेवता व्हीनस आपल्या पुत्राला सांगते की समुद्र आणि आकाश आपल्या ताब्यात आहेत, मग पाताळच का सुटावे? मदन बाण सोडतो. हेडीस (रोमन नाव डिस) सिसिलीतील एन्नाजवळच्या सरोवराकाठी मुलगी पाहतो, आसक्त होतो आणि हरण करतो, हे सारे जणू एका क्षणात.

अपहरण तेच राहिले, कारण बदलले. ग्रीक स्तोत्रात दोन भावांचा व्यवहार होता, येथे एका पुरुषाची वासना किंवा प्रीती आली. प्रेमकथेचे पहिले बीज येथे पडले.

१८/
पण ओव्हिडला कमी लेखू नका. हरणाच्या वाटेत सायनी नावाची एक जलदेवता पाण्यातून वर येते आणि रथ अडवते. तिचे म्हणणे असे : ही मुलगी मागायला हवी होती, पळवायला नको होती. मलाही कोणी वरले होते, पण विनवणी करून, भय घालून नव्हे.

डिस राजदंड फेकून भूमी दुभंगवतो आणि निघून जातो. सायनी दुःखाने विरघळून स्वतःच्याच पाण्यात मिसळते. तिची वाचाही जाते, आणि डिमीटर शोधत येते तेव्हा जे घडले ते तिला सांगता येत नाही.

संमतीचा प्रश्न ही आधुनिक काळाची खोड आहे, असे कोणी म्हणाले तर सायनीची आठवण करून द्या. दोन हजार वर्षांपूर्वी एका पात्राने तो प्रश्न विचारला होता. तिला गप्प व्हावे लागले, इतकेच.

१९/
'पर्सेफोनीला परत यायचेच नव्हते' ही आजच्या वाचकांची आवडती कल्पना. तिला प्राचीन आधार आहे का? अगदी थोडा आहे. ओव्हिडच्याही आधी व्हर्जिलने 'जॉर्जिक्स'मध्ये एका ओळीत ओझरता उल्लेख केला आहे : परत बोलावले तरी प्रॉसर्पिनाला आईमागे जाण्याची आस्था नाही. पुढे ल्युकनच्या महाकाव्यातही असा सूर उमटतो.

म्हणजे परतण्याबद्दलच्या अनिच्छेचे रोमन संकेत सापडतात. मात्र ती स्वखुशीने पाताळात गेली, असे सांगणारा एकही प्राचीन ग्रंथ उपलब्ध नाही. हा भेद महत्त्वाचा आहे.

२०/
दुसरी आवडती कल्पना : 'हेडीस हा एकमेव एकनिष्ठ देव.' भाऊ झ्यूसशी तुलना केली तर कोणीही एकनिष्ठच ठरेल! पण स्ट्रॅबो मिंथी या हेडीसच्या प्रेयसीची कथा नोंदवतो. पर्सेफोनीने तिला पायाखाली तुडवले आणि तिचे पुदिन्याचे रोप झाले. पुदिन्याचे ग्रीक नाव याच कथेशी जोडलेले आहे.

२१/
मग तो एकाकी, व्याकूळ, समजून घ्यावासा वाटणारा हेडीस आला कोठून? त्याचा शोध घेत आपण इ.स. चौथ्या शतकाच्या अखेरीस पोचतो. कवी क्लॉडियन, जन्माने अलेक्झांड्रियाचा, लॅटिनमध्ये लिहिणारा. त्याचे 'प्रॉसर्पिनाचे हरण' हे काव्य अपुरेच राहिले.

त्याचा डिस आपल्यालाच पत्नी नाही म्हणून संतापलेला आहे. रथात रडणाऱ्या मुलीचे अश्रू तो पुसतो आणि तिला समजावतो : माझ्या राज्यातही सूर्य आहे, तारे आहेत, न सुकणारी फुले आहेत, राजेही तुझ्या पायाशी येतील. विवाहाच्या रात्री पाताळातल्या सर्व शिक्षा थांबतात. उदास राजा, त्याचे हळवे मन, वैभवाचे वचन : आजच्या कादंबऱ्यांचा नायक येथे जवळजवळ घडलेला दिसतो.

योगायोग असा की त्याच दशकात सम्राट थिओडोसियसने जुन्या उपासनांवर बंदी आणली आणि ३९६ मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्याने एल्युसिस उद्ध्वस्त केले. आईचे मंदिर मोडले, राजाची प्रेमकथा उरली.

२२/
नंतरच्या युरोपने ही रोमन कथाच वारशात घेतली. बर्निनीने विशीच्या आरंभी, १६२१-२२ मध्ये, घडवलेले 'प्रॉसर्पिनाचे हरण' आज रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे. प्लूटोची बोटे तिच्या मांडीत रुतलेली, दगड असूनही मांस भासावे अशी. पाहणारे त्या बोटांची तारीफ करतात. पण वर पाहा : तिच्या गालावर संगमरवरी अश्रू आहे, आणि तिचा तळहात त्याचा चेहरा दूर ढकलतो आहे. बर्निनीने दोन्ही गोष्टी कोरल्या आहेत. काय पाहायचे, ते पाहणाऱ्यावर आहे.

२३/
आता १८२०. 'फ्रँकेन्स्टाइन'ची लेखिका मेरी शेली इटलीत आहे. मागच्या दोन वर्षांत तिने आपली दोन मुले गमावली आहेत, क्लारा आणि विल्यम. त्या वर्षी ती 'प्रॉसर्पिन' हे नाट्यकाव्य लिहिते.

तिच्या नाटकात प्लूटो रंगमंचावर येतच नाही. अपहरण पडद्याआड घडते. दिसतात त्या आई, मुलगी आणि त्यांच्या सख्या. मेरीने पुरुषांचा व्यवहार बाहेर ठेवला आणि वियोग आत आणला. हे नाटक १८३२ च्या एका वार्षिकात छापले गेले. अकराशे-बाराशे वर्षे नव्हे, त्याहूनही अधिक काळ मागे पडलेली डिमीटर तिथे पुन्हा केंद्रस्थानी आली.

२४/
एकोणिसाव्या शतकातच कथा दोन दिशांना फाकली.

१८५३ : अमेरिकन लेखक नॅथॅनियल हॉथॉर्नने मुलांसाठी ती पुन्हा सांगितली. प्रॉसर्पिना लहान मुलगी झाली आणि प्लूटो उदास वाड्यात सोबतीला आसुसलेला राजा. मुलांसाठी सोवळी करताना कथेतला धाक गेला आणि राजाविषयीची कणव उरली.

१८७४ : रॉसेटीने डाळिंब हाती धरलेली, खिन्न प्रॉसर्पिन रंगवली. समोर बसली होती जेन मॉरिस, मित्राची पत्नी, जिच्यावर त्याचे प्रेम होते. नको असलेल्या संसारात अडकलेली स्त्री, असा अर्थ आता त्या दाण्यांना चिकटला. कथा तीच, पण हेडीसच्या जागी कोण, हे चित्रकाराने आपल्या सोयीने ठरवले.

२५/
१९७८ : अमेरिकन लेखिका शार्लीन स्प्रेटनॅक यांचे 'लॉस्ट गॉडेसेस ऑफ अर्ली ग्रीस' हे पुस्तक. त्यात पर्सेफोनी मृतांच्या करुणेने, स्वतःच्या निर्णयाने पाताळात उतरते. पितृसत्तेपूर्वीची कथा अशी असावी, ही त्यांची मांडणी. कल्पना सुंदर आहे, पण तशी कथा सांगणारा प्राचीन ग्रंथ नाही.

'मूळ कथेत ती स्वतःच गेली होती, पुरुषांनी नंतर बदल केला' असे समाजमाध्यमांवर आज ठामपणे सांगितले जाते. या समजुतीचा माग काढला, तर वाट ग्रीसकडे जाण्याऐवजी बरेचदा याच आधुनिक पुनर्रचनेपाशी येते.

२६/
आणि मग एकविसावे शतक. २०११ या एकाच वर्षी किशोरवयीन वाचकांसाठी दोन कादंबऱ्या आल्या : मेग कॅबट यांची 'अबॅन्डन' आणि एमी कार्टर यांची 'द गॉडेस टेस्ट'. दुसरीत नायिका मरणासन्न आईसाठी पाताळाच्या स्वामीशी करार करते आणि वर्षातले सहा महिने त्याच्याकडे राहायचे मान्य करते. अपहरणाच्या जागी करार आला.

२०१८ पासून न्यूझीलंडच्या रेचेल स्माइथ यांचे 'लोर ऑलिम्पस' हे वेबकॉमिक सुरू झाले आणि २०२४ मध्ये संपले. २०२२ मध्ये त्याला आयस्नर पुरस्कार मिळाला. त्यात हेडीस अत्याचारी नाही. अत्याचार अपोलो करतो, आणि त्या आघातातून पर्सेफोनी कशी सावरते, हा कथेचा गाभा आहे. २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार मिळवणाऱ्या 'हेडीसटाऊन'मध्ये तर ही दोघे लग्नाला युगे लोटलेले, एकमेकांना दुरावलेले जोडपे आहेत.

२७/
या सर्व लेखिका एकच काम करीत आहेत, हे लक्षात येते का? त्या पर्सेफोनीचे न लिहिलेले पत्र लिहीत आहेत. तिला निर्णय देत आहेत. दाणे खायचे की नाही, हे आता ती ठरवते. ज्या कथेत मुलीला कोणी विचारले नाही, त्या कथेत तिला विचारण्याची ही धडपड आहे. या कथांना 'पुराणाची मोडतोड' म्हणून हिणवणे म्हणूनच अन्यायाचे आहे. ओव्हिडने आणि क्लॉडियनने तरी दुसरे काय केले होते?

२८/
पण एक किंमत मोजली जाते आहे, तीही नोंदवू.

प्रेमकथेला अडसर लागतो. हेडीस खलनायक उरला नाही, तेव्हा ती जागा बरेचदा आईला मिळाली. संशयी, मुठीत ठेवणारी, मुलीला मोठे होऊ न देणारी डिमीटर आज अनेक कथांत भेटते. जिने मुलीसाठी झ्यूसला गुडघे टेकायला लावले, तीच आता मुलीच्या सुखातला धोंडा ठरली.

मुलीला आवाज देताना आईचा आवाज काढून घेण्याची गरज नव्हती. स्तोत्रात त्या दोघी एकमेकींच्या मिठीत दिवस घालवतात, आणि ज्या हेकाटीने पहिली हाक ऐकली होती, ती त्यांना येऊन मिळते. तो प्रसंग आजच्या कथांत फार क्वचित दिसतो.

२९/
म्हणून पुढच्या वेळी अशी कादंबरी हाती घ्याल, तेव्हा मनापासून वाचा, आणि सोबत तीन प्रश्न ठेवा. येथे मुलीला कोणी विचारले का? आईचे काय केले? आणि 'प्राचीन ग्रीक असेच मानत' असे कोणी म्हणत असेल, तर कोणता ग्रीक, कोणत्या शतकातला, कोणत्या गावचा? लोक्रीची नववधू, अथेन्सची आई, होमरचा श्रोता, यांच्या पर्सेफोनी वेगवेगळ्या होत्या.

कथा बदलण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. आपण केलेला बदल पूर्वजांच्या नावावर खपवण्याचा मात्र नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने जपायचा आहे तो एवढाच विवेक.

३०/
एल्युसिस आजही आहे. आजूबाजूला कारखाने आणि तेलशुद्धीकरणाचे प्रकल्प आहेत. २०२३ मध्ये हे गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवले. अवशेषांमध्ये ती प्राचीन विहीर दाखवतात, जिच्या काठी डिमीटर बसली होती असे सांगतात.

तुम्हाला या कथेचे कोणते रूप आधी भेटले? आणि त्यात डिमीटर कशी होती? उत्तरांत जरूर लिहा. धागा समाप्त.